स्पिंडल घेताना आरपीएम सगळ्यात शेवटी विचारा

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये दोन व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलची सीएनसी मिलिंग मशिनं, शेजारी शेजारी उभी आहेत. कटर धरून फिरवतो तो स्पिंडल. एक जुनं, पट्ट्यावर चालणारं, ६,००० आरपीएमचं, साडेसात किलोवॅट मोटरचं. दुसरं नंतर घेतलेलं, डायरेक्ट ड्राइव्हचं, १२,००० आरपीएम आणि ११ किलोवॅटचं. नव्या मशिनवर पहिल्याच आठवड्यात ईएन-८ स्टीलचा फोर्जिंग ब्रॅकेट चढवला. ६३ मिलिमीटरचा फेसमिल, म्हणजे सपाट पृष्ठ कापणारा रुंद कटर, आणि ३ मिलिमीटरचा कट. इन्सर्ट, म्हणजे कटरचे बदलते दात, कोरे होते तोवर लोड मीटर शंभर टक्क्यांना टेकून होता. अर्ध्या पाळीत धार मेली आणि स्पिंडल ओव्हरलोडचा अलार्म आला. तोच कटर, तोच प्रोग्राम जुन्या मशिनवर टाकला. कोऱ्या इन्सर्टला ऐंशी, धार मेल्यावर शंभर, पण अलार्म नाही. ऑपरेटर म्हणाला, "मालक, नवं नुसतं पळतंय, वढत न्हाई."

विकणाऱ्याने मला फसवलं नव्हतं. ११ किलोवॅट मशिनमध्ये होतेच, पण ते ३,००० आरपीएमला पोचल्यावर मिळणार होते आणि फेसमिल चालत होता ९०० वर. ऑर्डर देण्याआधी हे मीच विचारायला हवं होतं. तेव्हा स्पिंडल कसा निवडायचा ते, मी ज्या क्रमाने विचारायला हवं होतं त्याच क्रमाने सांगतो.

जॉब कार्ड काढा, कॅटलॉग मग

गेल्या सहा महिन्यांच्या कामातून चार जॉब काढा. सगळ्यात जड कटचा, सगळ्यात बारीक टूलचा, सगळ्यात लांब टूलचा आणि सगळ्यात कमी टॉलरन्सचा. प्रत्येकापुढे मटेरियल, टूलचा व्यास, दात किती, कटिंग स्पीड, फीड, कटची खोली आणि रुंदी लिहा. "पुढं ॲल्युमिनियमची कामं येणार आहेत" हे वाक्य मनात आलं तर ते दुसऱ्या कागदावर लिहून ठेवा. नको तेवढा आरपीएम विकत घेतला जातो तो या दुसऱ्या कागदामुळे. मीही त्याच्याच नादाने घेतला.

आमच्याकडे शिरोली, गोकुळ शिरगावला फाउंड्रीचं कास्टिंग जास्त. भोसरी-चाकणला गाड्यांचे स्टीलचे आणि ॲल्युमिनियमचे पार्ट. मोल्ड करणाऱ्यांचं तिसरंच. तिघांचं एका स्पिंडलवर भागत नाही, आणि "ऑल राउंडर" म्हणून विकला जाणारा स्पिंडल बहुधा तिघांपैकी एकाच्याच कामाचा असतो.

वहीतला हिशेब

मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरने होतो, इंजिनिअर लागत नाही. आमचाच ब्रॅकेट घेऊ.

आधी आरपीएम. कटिंग स्पीडला १,००० ने गुणा, मग ३.१४ गुणिले कटरच्या व्यासाने भागा. १८० मीटर प्रति मिनिट आणि ६३चा कटर, म्हणजे सुमारे ९१० आरपीएम. कटरला पाच दात, दर दाताला ०.१५ मिलिमीटर, म्हणजे टेबल फीड ६८२ मिलिमीटर प्रति मिनिट.

आता पॉवर. कटची खोली × रुंदी × टेबल फीड × मटेरियलचं कटिंग बल, आणि या सगळ्याला ६ कोटींनी भागायचं. उत्तर किलोवॅटमध्ये येतं. कटिंग बल म्हणजे एक चौरस मिलिमीटर चिप कापायला लागणारं बल, न्यूटनमध्ये. ॲल्युमिनियमला साधारण ७०० ते ८००, ग्रे कास्ट आयर्नला १,२०० च्या आसपास, ईएन-८ला २,००० ते २,२००, स्टेनलेसला आणखी थोडं वर धरा. चिप जितकी पातळ तितका हा आकडा वाढतो, म्हणून वरचा धरलेला बरा. आपल्याकडे ३ × ४५ × ६८२ × २,२०० भागिले ६ कोटी, म्हणजे ३.४ किलोवॅट. फार नाही.

शेवटी टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ओढ: ९,५५० × किलोवॅट ÷ आरपीएम. ३.४ किलोवॅट आणि ९१० आरपीएमला तो साडेपस्तीस न्यूटन-मीटर होतो.

हेच गणित आता मोटरला लावा. स्पिंडल मोटरचा एक बेस स्पीड असतो. तिथपर्यंत टॉर्क एकसारखा राहतो आणि किलोवॅट आरपीएमबरोबर चढत जातात. बेस स्पीडच्या पुढे किलोवॅट एकसारखे राहतात आणि टॉर्क उतरत जातो. जुन्या मशिनची साडेसात किलोवॅटची मोटर १,५०० ला पूर्ण ताकदीला येते, म्हणजे टॉर्क ४७.७ न्यूटन-मीटर. नव्याची ११ किलोवॅट ३,००० ला येते, म्हणजे टॉर्क ३५. ब्रॅकेटला हवा साडेपस्तीस. लोड मीटर शंभराला का टेकला याचं उत्तर एवढंच. इन्सर्ट घासला की बल २०-२५ टक्क्यांनी सहज वाढतं. जुन्या मशिनमध्ये पट्ट्याचा पाचएक टक्के तोटा धरूनही तेवढी जागा शिल्लक होती, नव्यात नव्हती.

म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न: टॉर्क-पॉवरचा आलेख द्या. आलेख मिळत नसेल तर निदान बेस स्पीड लेखी घ्या. दुसरा प्रश्न: किलोवॅटचा आकडा कायम चालवायचा आहे की थोड्या वेळाचा? कॅटलॉगात "७.५/११" असं असतं तेव्हा पहिला सतत चालणाऱ्या कामाचा आणि दुसरा थोड्या वेळाचा, बऱ्याचदा अर्ध्या तासाचा, असतो. जाहिरातीत मोठ्या अक्षरात दुसराच छापतात. हिशेब पहिल्यावर करायचा आणि त्यातही वीस-तीस टक्के जागा सोडायची. काही मोटरना लो आणि हाय असे दोन वाइंडिंग असतात आणि ठरावीक आरपीएमला ते आपोआप बदलतं. तसं असेल तर दोन्हीचे आलेख मागा.

टूल बदलून बघा, मगच स्पिंडल

हिशेब हातात आला की एक गंमत दिसते. ईएन-८मध्ये ३० मिलिमीटरचं भोक साध्या एचएसएस (हायस्पीड स्टील) ड्रिलने मारायचं, २०० च्या आसपास आरपीएम आणि ०.३ फीडने, तर ७० न्यूटन-मीटरच्या पुढे टॉर्क लागतो. तेच भोक इन्सर्टच्या यू-ड्रिलने १,७०० आरपीएम आणि ०.१ फीडने मारलं तर टॉर्क २५ वर येतो, किलोवॅट मात्र साडेचारच्या घरात जातात. म्हणजे पहिल्या ड्रिलला "ओढणारा" स्पिंडल लागतो, दुसऱ्याला "पळणारा" चालतो. भोक तेच.

टॅपिंगचंही, म्हणजे भोकात आटे पाडण्याचंही, तसंच. पिचचा (दोन आट्यांमधल्या अंतराचा) वर्ग × व्यास × कटिंग बल ÷ ८,००० हे टॅपचं ढोबळ गणित. एम-२४, पिच ३, स्टीलमध्ये: सुमारे ६० न्यूटन-मीटर, तेही धारदार टॅपला. बोथट टॅप किती मागेल ते टॅप आत तुटल्यावर कळतं. महिन्यातून चार जॉबना एम-२४ लागत असेल तर त्यासाठी मोठा स्पिंडल घेऊ नका, थ्रेड मिल घ्या. रोज लागत असेल तर मोठाच घ्या.

आरपीएम नक्की कोणाला लागतो

ॲल्युमिनियममध्ये १० मिलिमीटरचा कार्बाइड एंडमिल ५०० मीटर प्रति मिनिटाने चालवायचा तर आरपीएम जवळजवळ १६,००० होतो. ६,००० च्या मशिनवर तोच कटर १९० मीटरवर अडकतो. काम होतं, पण वेळ लागतो.

मोल्डवाल्यांची अडचण याहून वाईट. ३ मिलिमीटरचा बॉलनोज, म्हणजे गोल टोकाचा कटर, ०.१ मिलिमीटर खोलीवर चालतो तेव्हा त्याचा सगळा व्यास कापतच नाही. मटेरियलला लागतो तो गोळ्याच्या टोकाचा १.०८ मिलिमीटर व्यासाचा भाग. १६,००० आरपीएमलाही खरा कटिंग स्पीड ५४ मीटरच्या आसपास राहतो. म्हणून त्यांना २०-३० हजारांचे स्पिंडल लागतात आणि ती त्यांची चैन नाही. तुमच्या चार जॉबमधला बारीक टूलचा जॉब ८,००० ला भागत असेल तर १०,००० आणि १२,००० यांतल्या फरकाचे पैसे टूलिंगवर घाला.

टेपर: बीटी-४० म्हणजे आपला वरण-भात

टूल धरणारा होल्डर ज्या निमुळत्या भागाने स्पिंडलमध्ये बसतो तो टेपर, आणि बीटी ही त्याची एक प्रमाणित मालिका. बीटीचा टेपर ७ ला २४. तो मोर्स टेपरसारखा स्वतःहून अडकून बसत नाही. होल्डरला धरून ठेवतो तो आतला ड्रॉबार आणि त्याच्यावरच्या वाटीसारख्या स्प्रिंगा. तोंडाचा व्यास बीटी-३० ला ३१.७५, बीटी-४० ला ४४.४५, बीटी-५० ला ६९.८५ मिलिमीटर. या आकड्यांवरूनच ताकदीचा अंदाज येतो. बीटी-३० ड्रिलिंग, टॅपिंग आणि हलक्या ॲल्युमिनियमला झकास; टूल बदलायला चपळ. पण त्याच्यावर ६३चा फेसमिल लावून स्टील ओढायला जाल तर आवाजावरूनच शेजारी विचारायला येतील. बीटी-५० मोठ्या कास्टिंगला, लांब बोअरिंग बारला, गिअरवाल्या मशिनला. बाकी सगळ्यांचा बीटी-४०. होल्डर कुठल्याही दुकानात मिळतो, शेजाऱ्याकडून उसना आणता येतो. छोट्या शॉपला ही सोय कमी समजू नका.

एचएसके वेगळा. त्याचा टेपर १ ला १०, आतून पोकळ, आणि टेपरबरोबर होल्डरची कड स्पिंडलच्या तोंडावर टेकते. आरपीएम वाढला की स्पिंडलचं तोंड किंचित फुलतं. अशा वेळी बीटीचा होल्डर आणखी आत ओढला जातो आणि उंची बदलते. एचएसके कडेवर टेकलेला असल्याने जागचा हलत नाही, आणि आतली पकड वेगाबरोबर घट्ट होते. १५,००० च्या पुढे सतत काम असेल तर एचएसके-ए ६३ चा विचार करा. मात्र होल्डर महाग, तोंडावर चिप बसली तर लगेच रनआउट (टूल डगमगत फिरणं), आणि चोवीस होल्डरचा संच घ्यायचा झाला की गणित बदलतं. मधली वाट म्हणजे बीटीच्याच टेपरला कडेचा टेकू देणारा बिग-प्लस प्रकार.

पुल स्टडबद्दल, म्हणजे होल्डरच्या शेपटीचं जे बोंड ड्रॉबार पकडतो त्याबद्दल, एक सांगायलाच हवं. जपानी पद्धतीच्या बीटी-४० स्टडमध्ये ४५ अंशाचा आणि ६० अंशाचा असे दोन प्रकार असतात. लांबून सारखेच दिसतात. आमच्याकडे उसन्या आणलेल्या एका होल्डरला भलताच स्टड होता. पकड पूर्ण बसली नाही, रफिंगमध्ये होल्डर किंचित सुटला आणि टेपरवर ओरखडा आला. तेव्हापासून बाहेरचा होल्डर आला की आधी स्टड काढून आमचा लावायचा, मगच मॅगझीनमध्ये.

आणि टूलची लांबी. होल्डरबाहेरचं अंतर १०० वरून १५० झालं तर वाकणं दीडपट होत नाही, जवळजवळ साडेतीनपट होतं, कारण लांबीचा घन लागतो. चॅटरची, म्हणजे कापताना होणाऱ्या थरथरीची, निम्मी भांडणं स्पिंडलशी नसून लांब होल्डरशी असतात.

पट्टा, गिअर, डायरेक्ट, की आतली मोटर

पट्ट्याचा स्पिंडल स्वस्त, दुरुस्तीला सोपा, पुली बदलून टॉर्क वाढवता येतो. मोटरची उष्णता लांब राहते. पट्ट्याचा ताण मात्र बेअरिंगवर येतो आणि ८-१० हजारांच्या पुढे आवाज, कंप वाढतात. कास्टिंग आणि स्टीलच्या मिश्र कामाला मी आजही हाच घेईन.

डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मोटर कपलिंगने सरळ जोडलेली. कंप कमी, फिनिश चांगली, पण टॉर्क वाढवायला मध्ये काही नाही. मोटरचा जो, तोच स्पिंडलचा. गिअरवाला बीटी-५० चा सोबती. आरपीएम कमी, ओढ प्रचंड, आवाज आणि तेलाची देखभाल आलीच. आतच मोटर असलेला स्पिंडल मोल्ड आणि एरोस्पेसच्या ॲल्युमिनियमचा. चिलरशिवाय तो चालवायचा नसतो, आणि बिघडला की अख्खा काढून पाठवावा लागतो. "दुरुस्तीला किती दिवस आणि तोवर बदली स्पिंडल देणार का" हे ऑर्डरच्या कागदावर लिहून घ्या. मशीन तीन आठवडे उभं राहिलं तर हप्ता थांबत नाही.

बेअरिंग: सगळं इथं ठरतं

विक्रेते इथं घाईने पुढे जातात. तुम्ही थांबा.

मिलिंगच्या स्पिंडलमध्ये पुढे दोन ते चार आणि मागे दोन अँग्युलर काँटॅक्ट बॉल बेअरिंग असतात. काँटॅक्टचा कोन १५ अंश असेल तर बेअरिंग वेगाला चांगलं, २५ अंश असेल तर स्पिंडलच्या लांबीच्या दिशेने येणाऱ्या दाबाला, म्हणजे ड्रिलिंगला, जास्त ताठ. प्रिसिजन पी-४ असायला हवं. त्यावरचं पी-२ ग्राइंडिंगसारख्या कामाला. लेथ आणि जड मशिनमध्ये पुढे दुहेरी रांगेचं रोलर बेअरिंग भेटतं. त्याचा वेग कमी, ताठपणा भरपूर.

बेअरिंग किती पळेल याचा अंदाज एका गुणाकारात येतो. बेअरिंगच्या आतल्या आणि बाहेरच्या व्यासाची सरासरी घ्या आणि आरपीएमने गुणा. ७०१४ चं बेअरिंग आतून ७०, बाहेरून ११०, सरासरी ९०. ८,००० आरपीएमला ७ लाख २० हजार, १२,००० ला १० लाख ८० हजार. स्टीलचे गोळे आणि ग्रीस ८ ते १० लाखांपर्यंत बिनधास्त. त्यापुढे सिलिकॉन नायट्राइडचे, म्हणजे सिरॅमिकचे, गोळे लागतात. ते स्टीलच्या निम्म्याहूनही कमी वजनाचे, त्यामुळे वेगात बाहेरच्या कडेवर कमी दाबतात आणि कमी तापतात. १५ लाखांच्या पुढे ग्रीस सोडून तेल-हवेच्या फवाऱ्याकडे जावं लागतं, आणि तिथून कोरडी स्वच्छ हवा ही रोजची डोकेदुखी होते.

याच गुणाकाराची दुसरी बाजू: आरपीएम वाढवायचा तर बेअरिंग लहान करावं लागतं, आणि लहान बेअरिंग म्हणजे बारीक, कमी ताठ स्पिंडल. दोन मशिनं बीटी-४० चीच असली तरी एकात पुढचं बेअरिंग ७० चं आणि दुसऱ्यात ६० चं असू शकतं. तेव्हा "पुढच्या बेअरिंगचा आतला व्यास किती?" हा प्रश्न विचाराच. उत्तर देणारा माणूस चटकन बोलला तर त्याला मशीन माहीत आहे असं समजा.

प्रीलोड म्हणजे बेअरिंगना आधीच दिलेला दाब. जास्त असेल तर ताठपणा वाढतो आणि उष्णताही. हलक्या प्रीलोडचा पळतो, जडाचा ओढतो. ठरवतो तो कारखाना, पण तुमच्या कामाला कुठला दिलाय हे माहीत हवं.

उष्णता

स्टील दर मीटरला दर अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. ३०० मिलिमीटरचा स्पिंडल १५ अंशांनी तापला की ५० मायक्रॉन लांब झाला. सकाळी आठला सेट केलेली खोली अकराला बदललेली दिसते ती यामुळे, आणि बिचारा सेटर टूल ऑफसेटमध्ये खाडाखोड करत बसतो. खोलीचं टॉलरन्स ३० मायक्रॉनच्या आत असेल आणि आरपीएम ८,००० च्या वर असेल तर स्पिंडलला चिलर घ्याच. नुसतं फेसिंग-ड्रिलिंग असेल तर तेवढ्यासाठी घेऊ नका, सकाळी पंधरा मिनिटं टप्प्याटप्प्याने वॉर्मअप करा.

लेथ आणि राउटरवाल्यांसाठी थोडक्यात

सीएनसी लेथमध्ये स्पिंडलच्या नाकावर ए२-५, ए२-६, ए२-८ असा आकडा असतो. साधारणपणे ए२-५ ला सहा इंची चक, ए२-६ ला आठ इंची, ए२-८ ला दहा इंची. इथं आरपीएमची मर्यादा बहुतेक वेळा चक ठरवतो, कारण वेगात जबडे बाहेर फेकले जातात आणि पकड सैल होते. स्पिंडलमधून बार किती जातो हे पुलिंग ट्यूब (चकला ओढणारी आतली नळी) बसवल्यावर मोजा, भोकाचा आकडा ऐकून खूश होऊ नका.

देव्हारे, दरवाजे कोरणारे २.२ किलोवॅट, २४,००० आरपीएमचा वॉटरकूल्ड स्पिंडल घेतात आणि मग विचारतात, याच्यावर एमएस प्लेट कापता येईल का. तोच हिशेब: ९,५५० × २.२ ÷ २४,००० म्हणजे ०.८७ न्यूटन-मीटर. ३,००० आरपीएमला आणलात तर पाव किलोवॅटच्या जरा वर. सागवानाला पुरेसा, स्टीलला नाही.

ट्रायलला जाताना पिशवीत काय

एक मायक्रॉनचा लिव्हर डायल, मॅग्नेटिक स्टँड, ३०० मिलिमीटरचा टेस्ट मँड्रेल (तपासणीचा अचूक गोल दांडा), ठसा बघायच्या निळ्या रंगाची म्हणजे ब्लूची ट्यूब, हातात धरायचा तापमापक, आणि तुमचे स्वतःचे दोन कच्चे जॉब. ड्रॉबारचं बल मोजायचा गेज मिळाला तर उत्तम.

मशीन थंड असताना पोचा. आधीच तापवून ठेवलेलं मशीन दाखवत असतील तर चहा प्या, थांबा. टेपर स्वच्छ पुसून मँड्रेलवर ब्लूचा पातळ थर द्या, बसवा, काढा. ठसा सगळीकडे सारखा आणि तोंडाकडे जास्त हवा. नुसता मागे किंवा एका बाजूला आला तर टेपर घासलेला आहे. मग डायल लावा: तोंडाजवळ ५ ते ७ मायक्रॉन, ३०० वर १५ च्या आत. मँड्रेल ९० अंशांनी चार वेळा फिरवून बसवा आणि सरासरी घ्या, नाहीतर मँड्रेलचा दोष स्पिंडलच्या माथी जातो.

ड्रॉबारचं बल मेकरच्या आकड्याशी ताडून बघा. पाऊण हिश्शाखाली असेल तर स्प्रिंगा थकलेल्या आहेत. तो खर्च किमतीतून वजा करायला सांगा.

त्यानंतर कमाल आरपीएमला तासभर चालवा आणि दर दहा मिनिटांनी नाकाचं तापमान लिहा. आकडा चढून एका जागी स्थिरावला पाहिजे; चढतच राहिला तर बेअरिंगमध्ये किंवा ग्रीसमध्ये घोळ आहे. स्पिंडल बंद करून उतरत्या वेगाचा आवाज ऐका. मोटरचा आवाज गेल्यावर बेअरिंगचा उरतो. एकसारख्या शिट्टीसारखा विरत गेला तर ठीक. मध्येच खरखर, किंवा एका ठरावीक वेगाला घुमणं, म्हणजे आत खड्डे.

सगळ्यात शेवटी तुमचा जड जॉब, तुमच्या कटरने, तुमच्या फीडने. ॲल्युमिनियमचा चकचकीत नमुना सगळेच दाखवतात. मी तोच पाहून सही केली होती.

जुनं मशीन घेत असाल तर टेपरच्या आत बोट फिरवा. तांबूस डाग म्हणजे होल्डर आत थरथरत होता. रंग नवा आहे की जुना याला किंमत नाही. कंट्रोलमध्ये चालू तासांचा आकडा असतो. तो बघा, पण आकडा शून्यावर आणता येतो हेही लक्षात ठेवा.

घेतल्यावर

ग्रीसचा स्पिंडल नवा असो की दुरुस्त होऊन आलेला, पहिल्या दिवशी थेट कमाल आरपीएमला नेऊ नका. दहा टक्क्यांपासून चढत जा, प्रत्येक टप्प्यावर तापमान थांबेपर्यंत थांबा. अर्धा दिवस जातो, जाऊ द्या. आणि "थोडं जास्त ग्रीस भरून द्या" असं दुरुस्तीवाल्याला सांगू नका. वेगवान बेअरिंगमध्ये मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी ग्रीस असतं. जास्त भरलं की घुसळून तापतं.

१०-१२ हजारांवर होल्डर बॅलन्स केलेलेच वापरा. जी-२.५ ही प्रत १२,००० ला म्हणजे वजनाचा मध्य फक्त दोन मायक्रॉन सरकलेला चालतो. साइड-लॉक होल्डरचा, टूल बाजूने आवळणारा, एकच स्क्रू ते गणित बिघडवायला पुरेसा आहे.

पावसाळ्यात आमच्या भागात कॉम्प्रेसरच्या टाकीतून बादलीने पाणी निघतं. स्पिंडलच्या नाकाशी हवेचा जो पडदा असतो तो कूलंट आत जाऊ नये म्हणून. त्याच हवेतून पाणी गेलं तर आपणच बेअरिंगला आंघोळ घालतो. रात्री कॉम्प्रेसर बंद झाला की तापलेला स्पिंडल थंड होताना बाहेरची ओली हवा आत ओढतो, ते वेगळंच. म्हणून पाळी संपताना कूलंट बंद करून, हवा चालू ठेवून, स्पिंडल कमी वेगाने दहा मिनिटं फिरवायचा. एअर गनने नाकावर फुंकर मारायची सवय असलेल्या हेल्परला पहिल्याच दिवशी थांबवा.

दुरुस्तीची वेळ येईलच. तेव्हा बेअरिंग नंबर, बसवल्यानंतरचा रनआउट, बॅलन्सची प्रत, ड्रॉबारचं बल आणि तापमानाचा तक्ता लेखी मागा. बेअरिंग जोडीने किंवा संचाने जुळवलेलं असतं आणि संचाच्या बाहेरच्या रिंगांवर मिळून एक मोठा व्ही आकार छापलेला असतो. तो व्ही नीट जुळलेला दिसेल असा फोटो बंद करण्याआधी पाठवायला सांगा. सुटी सुटी बेअरिंगं घालून दिलेला स्पिंडल दोन महिन्यांत परत जातो.

आणि जुनी बेअरिंगं परत मागा. रिंगवर गोळ्यांच्या अंतराने एका बाजूला खळगे असतील तर कोणीतरी टूल ठोकलेलं आहे. निळसर-काळा रंग असेल तर ग्रीस संपलं किंवा प्रीलोड जास्त झाला. तपकिरी डाग असतील तर पाणी. माझ्या नव्या मशिनची पहिली बेअरिंगं ज्या दिवशी परत आली त्या दिवशी मी रात्रपाळीच्या पोराला बोलावून घेतलं होतं, ठोकर त्यानेच दिली असणार म्हणून. रिंग उजेडात धरली तर खळगा एकही नव्हता, सगळीकडे तपकिरी ठिपके. पोराला चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी एअर ड्रायरची ऑर्डर दिली. ते मशीन आता ॲल्युमिनियमच्या पंप बॉडीला लावलंय, १० च्या एंडमिलने, १२,००० वर. ब्रॅकेट जुन्यावरच चालतो.